परत द्यायचे वाडगे

सोदिकने बिस्किटांचा पुडा दातांनी फाडला, सगळी बिस्किटं निळ्या वाडग्यात ओतली आणि वाडगा दोन्ही हातांत धरून तो शेजारच्या फाटकाशी जाऊन उभा राहिला. फाटक उघडंच होतं. त्या गल्लीत दिवसाउजेडी कुणी फाटक लावत नसे. तरीही त्याने कडी वाजवली आणि आतून कुणी बोलावण्याची वाट पाहिली.

मुकर्रम अंगणातल्या तंदुरात वाकून रोट्या लावत होती. खांद्यापर्यंत बाही चढवलेला हात बाहेर काढून तिने वळून पाहिलं.

"या की, सोदिक-अका. दारात कशाला उभे? वीजबिल घेऊन आलात का?"

"वाडगा द्यायचा होता."

तिने हात पुसून वाडगा घेतला, डोक्याइतका वर उचलला आणि आधी बुडाकडे पाहिलं. तिथे हिरव्या रंगाची बोटभर रेघ होती. ताश्कंदपासून फरगाण्यापर्यंत घरोघर हेच वाडगे, निळ्यावर पांढरी कापसाची बोंडं. लग्नाकार्यात चार घरची भांडी एकत्र झाली की निवडताना जीव जातो, म्हणून प्रत्येक घरच्या बाईने बुडाला आपापली खूण केलेली.

"आमचाच," ती म्हणाली आणि मग तिने वाडग्यात पाहिलं. "बिस्किटं."

"चहाबरोबर होतील."

"दुकानातली."

"आता बिस्किटं दुसरीकडे कुठे मिळणार?"

"अका, दुकान गल्लीच्या तोंडाशी आहे. तिथवरचा रस्ता मलाही येतो." हे बोलल्यावर तिला वाटलं, जरा जास्तच झालं. तिने तंदुरातली एक रोटी काढून त्याच्या हातावर ठेवली. "मनाला लावून घेऊ नका. पोरं खातील. पण बाकीच्यांकडे असं नेऊ नका. तोंडावर कुणी बोलणार नाही, पाठीमागे बोलतील. इथे वाडगा परत जातो तो घरच्या चुलीवरचं काहीतरी घेऊन, नाहीतर घरच्या वाफ्यातलं. खोसियत-ओपाला हे सगळं बरोबर ठाऊक होतं."

"मला स्वयंपाक येत नाही."

"मग वाफा आहे की. मुळे टाका. मुळ्याला अक्कल लागत नाही."

रोटी फार गरम होती. सोदिक ती हातात धरून घरी आला आणि ओट्यावर ठेवल्यावर त्याच्या लक्षात आलं की तळहात लाल झाला आहे. त्याने तो नळाखाली धरला, कारण असं झाल्यावर हात नळाखाली धरतात हे त्याला माहीत होतं.

जानेवारीपासून त्याचं हे असंच चाललं होतं. त्याची बायको खोसियत एका सकाळी गुरांच्या रिकाम्या गोठ्यात गवत कुठे ठेवायचं ते बघायला गेली आणि तिथेच बसली. पुढच्या हिवाळ्यात गाय घ्यायची असं तिचं चाललं होतं. दवाखान्यापर्यंत नेलं, पण नेऊन उपयोग झाला नाही. मयताला सोदिक रिवाजाप्रमाणे झग्यावर पट्टा बांधून फाटकात उभा राहिला, आलेल्या प्रत्येकाशी बोलला, कुणाला खुर्ची हवी कुणाला नको तेही पाहिलं. रडला मात्र नाही. लोक म्हणाले, धीराचा माणूस आहे. धीर वगैरे काही नव्हतं. नोकरीत असताना, ट्राम चालवताना पुढच्या काचेतून जसं समोरचं सगळं दिसायचं पण आवाज येत नसे, तसं त्याला दिसत होतं एवढंच.

ही जमीन हे खोसियतचं वेड. पारकेंतच्या बाजूच्या एका खेड्यात ती वाढली आणि लग्न करून ताश्कंदला तिसऱ्या मजल्यावर आली. तिथल्या गॅलरीत पत्र्याच्या डब्यांत टोमॅटो लावून तिने सगळी उमर काढली. सोदिक निवृत्त झाला तेव्हा तिने विचारलंच नाही, सरळ सांगितलं, आता खेड्यात राहायचं. घर, मागे लांबट मळा, कडेने जाणारा पाट. सोदिकने ना हो म्हटलं ना नाही. तिने पेरलं, लावलं, खुरपलं. तिने सांगितलं तिथे त्याने खुंट ठोकले, सांगितलं तिकडे पाणी वळवलं आणि दुपारी रेडिओ ऐकला. असं त्यांचं एक वर्ष गेलं, आणि मग ती गेली.

मयताच्या घरी तीन दिवस चूल पेटवत नाहीत. गल्लीतून वाडगे येत राहिले, झाकलेले, वाफाळते. रिकामे वाडगे सोदिक धुऊन कपाटावर एकात एक ठेवत गेला, आणि तो ढीग तिथेच राहिला.

नाफिसा, त्याची मुलगी, दर महिन्याला शहरातून यायची. आली की फ्रिज पुसायची, बापाच्या शर्टांना इस्त्री करायची आणि जाताना तेच विचारायची.

"बाबा, येताय ना मग? खोली रिकामीच आहे. ह्यांच्या ओळखीचा एक माणूस जागा बघतोय इकडे, त्यालाच देऊन टाकू."

"येतो."

"कधी?"

"ही भांडी परत दिली की."

नाफिसाने कपाटाकडे पाहिलं. लोकांची भांडी घरात ठेवून गाव सोडणारा माणूस तिनेही कधी ऐकला नव्हता. आठवड्याचं काम आहे, असं तिला वाटलं असावं. तिने मान डोलावली आणि इस्त्री बंद केली.

तर मुळे. सोदिकने खोसियतच्या डब्यातलं बी घेतलं आणि एका दुपारी सगळं वाफ्यात ओतलं. ते उगवलंही. दाट, हिरवंगार, पाहणाऱ्याला वाटावं काय पीक आलंय. पहिला मुळा उपटला तर उंदराच्या शेपटीएवढा निघाला. दुसराही तसाच. भिंतीपलीकडून मुकर्रमचं डोकं वर आलं.

"विरळ करा, अका. ट्राममध्ये माणसं कोंबायचात तशी रोपं कोंबलीत तुम्ही. उतरवा थोडी."

"कुठली उतरवू?"

"तिकीट नसलेली," ती म्हणाली आणि खाली गेली.

त्याने एकाआड एक रोप उपटलं. उपटताना त्याला बरंही वाटलं नाही आणि वाईटही. गुडघे दुखले, तेवढं कळलं. पुढच्या खेपेला बी बोटांनी मोजून टाकलं, तेव्हा मुळे गोल आणि लाल आले. ते धुऊन, पाला तसाच ठेवून त्याने एक वाडगा भरला आणि बुडाला दोन ओरखडे असलेला तो वाडगा शाळेतल्या बाईंच्या घरी दिला. बाईंनी मुळे पाहिले, वाडगा उलटा केला आणि म्हणाल्या, "घरचे आहेत." बस, तेवढंच. पण आता परत त्या दुसऱ्या वाडग्यात काहीतरी देऊ लागल्या. सोदिक घाबरला. एक भांडं देऊन दुसरं घरी न्यायचं म्हणजे हे कधी संपायचंच नाही. त्याने डोक्यावरची टोपी काढून पुढे केली. बाईंनी हसत टोपीत जर्दाळू घातले आणि तो बोडक्या डोक्याने घरी आला.

मग ती रीतच पडून गेली. मुळ्यांमागून कांद्याची पात, पातीमागून काकडी. पाट पाळीने मिळायचा, गल्लीची पाळी शुक्रवारी. शुक्रवारी सोदिक फावडं घेऊन बांधावर उभा राहायचा आणि पाणी एका सरीतून दुसरीत वळवायचा. आपण हे निघून जाण्यासाठी करतोय, हे तो विसरला नव्हता. एक एक वाडगा कपाटावरून उतरत होता. काकड्या वाकड्या आल्या तेव्हा त्याने मुकर्रमला विचारलं, आणि ती म्हणाली, पाण्याला हात आखडता घेतलात. टोमॅटोला खुंट लागतात, हे मात्र कुणी सांगावं लागलं नाही. खुंट त्यानेच ठोकले होते, मागच्या वर्षी.

भर उन्हाळ्यात कपाटावर एकच वाडगा उरला. त्याच्या बुडाला तपकिरी ठिपका होता, वाळलेला, जरासा फुगीर.

तो कुणाकडून आला होता, सोदिकला आठवेना. त्याने तो टोमॅटोने भरला आणि गल्लीच्या एका टोकापासून सुरुवात केली. पहिल्या घरच्या बाईने वाडगा उलटण्यासाठी टोमॅटो परातीत काढले, ठिपका पाहिला, टोमॅटो पुन्हा भरले.

"आमचा नाही हो."

दुसऱ्या घरी म्हणाले, आमची खूण निळी. तिसऱ्या घरी सुनेने सासूला बोलावलं, सासूने चष्मा लावला आणि म्हणाली, हा आमचा नाही, पण टोमॅटो आमचे म्हणून ठेवून घ्यायला हरकत नाही. सगळे हसले. सोदिकही हसला, कारण सगळे हसत होते. भरलेला वाडगा घेऊन तो घरी आला आणि उभ्यानेच, मीठ लावून, त्याने ते टोमॅटो खाऊन टाकले. दुसऱ्या दिवशी पुन्हा भरला. असं करत गल्ली संपली आणि पलीकडची गल्लीही संपली. "ट्रामवाल्याचा वाडगा" म्हणून पोरंटोरं त्याला हाका मारू लागली.

"मग कुणाचाच नसेल तर ठेवून द्या की," नाफिसा फोनवर म्हणाली.

"दुसऱ्याचं भांडं कसं ठेवायचं?"

"बाबा, उन्हाळा संपला. तो माणूस थांबणार नाही. येत्या रविवारी गाडी आणते. खोकी पण आणते. ठीक आहे?"

"ठीक आहे," सोदिक म्हणाला.

शनिवारी सकाळी सोदिक शेवटचे टोमॅटो तोडत असताना भिंतीवर मुकर्रमचं डोकं आलं. उद्या गाडी येणार हे तिला कळलं होतं. गल्लीत कुणाला काय कळत नाही.

"तोती-खालाकडे गेला होतात?"

"ती मयताला आली नव्हती ना."

"येणार कशी? पाटापर्यंत चालवत नाही तिला. पण आमच्या ह्यांच्या हातून काहीतरी पाठवलं होतं बघा तिने. बघून या एकदा. नाही तर नाही."

तोती-खाला पाटाच्या पार त्या टोकाला एकटी राहायची. वय किती, तिचं तिलाही सांगता येत नसे. डोळ्यांना उजेड-अंधार तेवढा कळायचा. सोदिक गेला तेव्हा ती ओट्यावर बसून लसणाच्या गड्ड्या चाचपून दोन ढीग करत होती, एक लहान, एक मोठ्या.

"कोण?"

"सोदिक, खाला. खोसियतचा..."

"हां. पाय घासत चालतोस. बस."

त्याने वाडगा तिच्या मांडीवर ठेवला. तिने टोमॅटो हुंगला आणि ओट्यावर काढून ठेवला, मग दुसरा, मग सगळेच, सावकाश. वाडगा रिकामा झाल्यावर तो उलटा केला आणि अंगठा बुडावरून फिरवला. ठिपक्यापाशी अंगठा थांबला, पुढे गेला आणि परत आला.

"हा माझा नव्हे," ती म्हणाली.

"बरं," म्हणत सोदिकने हात पुढे केला.

"हा तुझा आहे."

"नाही, खाला. आमचे घरात आहेत."

"अरे, सांगते तर ऐक. खोसियत यातून भोपळा घेऊन आली होती. थंडी सुरू झाली होती तेव्हा. तुमच्या मळ्यातला पहिला भोपळा, अर्धा कापून, साल काढून, कारण मला साल काढवत नाही. इथेच बसली होती, तू बसलास तिथे. 'खाला, हा आमचा,' म्हणाली. दुकानातला नाही हे मला कळत नाही का? तरी पुन्हा पुन्हा तेच, आमचा, आमचा. मी म्हटलं, आमचा काय म्हणतेस बाई, नवरा तर दिवसभर रेडिओ ऐकतो असं कानावर आलंय. तर म्हणाली, तो अजून शहरातच आहे, खाला. येईल. त्याला उशीर लागतो, पण येतो."

सोदिकने पुढे केलेला हात मागे घेतला.

"वाडगा माझ्याकडेच राहिला. देईन देईन म्हणता ती गेल्याचीच बातमी आली. मग मूग-तांदळाचं सूप केलं आणि त्यातून पाठवलं. तिचाच वाडगा तिच्या घरी, पण रिकामा कसा पाठवायचा?" तिने वाडग्याच्या काठावरून बोट फिरवलं. "आणि तू तुझाच वाडगा गावभर मिरवत होतास होय? घरात बायकोचं एक भांडं कधी उलटं करून पाहिलं नाहीस?"

"नाही," सोदिक म्हणाला.

खाला हसू लागली होती, पण त्याचा आवाज ऐकून तिने ते आवरलं. मग मोठ्या गड्ड्यांचा ढीग तिने ओंजळीने वाडग्यात भरला.

"खाला, मी उद्या जातोय. मुलगी येतेय न्यायला."

"मग जा की. मी धरून ठेवलंय का? पण तू भरून आणलास, तर माझ्याकडून रिकामा जाणार नाही. या वयात मी रीत मोडायची? हा खायचा नाही बरं का, बियाण्याचा आहे. थंडीच्या आधी लावायचा, वर गवत पसरायचं. बर्फ पडला तरी त्याला काही होत नाही."

"आणि निघतो कधी?"

"पुढच्या उन्हाळ्यात," खाला म्हणाली आणि लहान गड्ड्यांकडे वळली.

घरी आल्यावर सोदिकने भिंतीतल्या फडताळाचा पडदा बाजूला केला. खोसियतचे वाडगे होते तिथेच होते, एकात एक, वरच्या वाडग्यात धूळ. जानेवारीपासून तो एका पत्र्याच्या पातेल्यातच खात आला होता. त्याने वरचा वाडगा उलटा केला. तपकिरी ठिपका. दुसऱ्याला ठिपका, तिसऱ्याला ठिपका. सगळे जमिनीवर उपडे मांडून झाले तेव्हा त्याच्यासमोर ठिपक्यांची रांग झाली होती. इतकी वर्षं यातूनच तो जेवला होता, यातूनच चहा प्यायला होता, आणि एकदाही त्याला त्यांची पाठ पाहावीशी वाटली नव्हती. त्याला फार वाईट वाटलं. कितीतरी महिन्यांनी पहिल्यांदाच आपल्याला वाईट वाटतंय हे त्याच्या लक्षात आलं, आणि ते लक्षात आल्यावर तो तिथेच, वाडग्यांच्या रांगेसमोर बसला आणि रडला. आवाज झाला असावा, कारण भिंतीपलीकडे मुकर्रमचं भांडी घासणं थांबलं. थोड्या वेळाने ते पुन्हा सुरू झालं.

रविवारी नाफिसा आली. घडी केलेली खोकी बगलेत मारून ती घरभर हाका मारत फिरली आणि शेवटी मागच्या दाराने मळ्यात आली. सोदिक टोमॅटोची वाळलेली रोपं उपटून वाफा मोकळा करत होता. बांधावर लसणाचा वाडगा होता.

"बाबा, तुमचं अजून काहीच आवरलेलं नाही."

"नाही."

"वाडगा कुणाचा निघाला शेवटी?"

"आपलाच."

तिला खरं वाटेना. तिने लसूण बांधावर ओतला आणि वाडगा उलटा केला.

"ही तर माझी नेलपॉलिश," ती म्हणाली. "माझ्या लग्नात आईने अख्खी बाटली संपवली होती. मी केवढी भांडले होते तिच्याशी." ती हसली, आणि मग वाडगा तसाच धरून उभी राहिली. सोदिकने मान खाली घालून मातीतलं एक मूळ ओढून काढलं.

"म्हणजे झालं ना सगळं?" नाफिसाने विचारलं. "कुणाचं काही द्यायचं राहिलं नाही."

"हा लसूण तोती-खालाने दिलाय. तिला वाडगा भरून द्यायला पाहिजे."

"कशाने?"

"लसणाने."

"आणि तो कधी येतो?"

"पुढच्या उन्हाळ्यात," सोदिक म्हणाला.

नाफिसाने बापाकडे पाहिलं. त्याच्या नखांत माती होती, डोळे सुजले होते, आणि आईच्या मयतानंतर पहिल्यांदाच तो तिच्याकडे पाहून बोलत होता. तिने खोकी भिंतीला टेकवून ठेवली, सँडल काढल्या आणि वाफ्याच्या कडेला उकिडवी बसली. एक गड्डी फोडून तिने पाकळी दोन बोटांत धरली.

"कुठली बाजू वर?"

"टोकाची. बहुतेक."

"बहुतेक?"

सोदिकने तिच्या हातातली पाकळी घेऊन उलटसुलट पाहिली. मग तो उठला, भिंतीपाशी गेला आणि टाचा उंच करून त्याने मुकर्रमला हाक मारली.